विश्लेषण : कमी बजेटमध्ये लॅपटॉपचा प्रोसेसर निवडताना ८० वर्षांपूर्वीचे जॉन फॉन नॉयमन आजही का उपयोगी?

बारावीचे निकाल लागले, अभियांत्रिकी, बीसीए किंवा संगणकशास्त्राचे प्रवेश झाले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. लॅपटॉप कोणता घ्यायचा? बजेट ठरलेले असते आणि ते सहसा ताणता येत नाही. प्रोग्रामिंग शिकायचे असते, सोबत ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, ऑनलाइन लेक्चर, प्रोजेक्टची फाइल असे सगळे एकाच वेळी चालवायचे असते. दुकानात मात्र आय-थ्री, आय-फाइव्ह, रायझेन, गिगाहर्ट्झ, कोअर अशा शब्दांचा भडिमार होतो. हा गोंधळ सोडवायचा तर प्रोसेसर मुळात काम कसे करतो, हे समजून घ्यावे लागते. ती कामाची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते हंगेरियन-अमेरिकी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचे आयुष्य आणि त्यातून आजच्या खरेदीसाठी मिळणारे धडे, यांचा हा आढावा.

प्रोसेसरच्या चर्चेत नॉयमन कशासाठी?

आजचा जवळपास प्रत्येक लॅपटॉप आणि स्मार्टफोन ‘फॉन नॉयमन रचने’वर चालतो. या रचनेत गणित करणारा भाग, त्या कामावर नियंत्रण ठेवणारा भाग, मेमरी, माहिती आत घेण्याची सोय आणि उत्तर बाहेर देण्याची सोय असे भाग असतात. यातील कळीची गोष्ट अशी, की ज्या आकड्यांवर काम करायचे ते आकडे आणि काय काम करायचे याच्या आज्ञा, दोन्ही एकाच मेमरीत राहतात. प्रोसेसर मेमरीतून एक आज्ञा उचलतो, ती पार पाडतो, मग पुढची उचलतो. अब्जावधी ट्रान्झिस्टर असलेल्या आजच्या चिपमध्येही मूळ चक्र हेच आहे. त्यामुळे १९४० च्या दशकात या रचनेपुढे ज्या अडचणी आल्या, त्याच अडचणी आज बजेट लॅपटॉप हळू चालण्यामागे असतात.

नॉयमन यांचे बालपण कसे गेले?

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यानोश. वडील मिक्शा हे बँकेत मोठ्या पदावर होते. १९१३ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाने या कुटुंबाला सरदारकी दिली आणि नावामागे पुढे ‘फॉन’ लागले. घरी मोठे ग्रंथालय होते, परदेशी भाषा शिकवायला शिक्षिका होत्या. यानोशची स्मरणशक्ती विलक्षण होती. वाचलेली पानेच्या पाने तो अनेक वर्षांनीही तशीच्या तशी सांगू शकत असे.

बुडापेस्टच्या ल्युथेरन शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे युजीन विग्नर हा विद्यार्थी होता. विग्नर यांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. शाळेतील गणित शिक्षक लास्लो राट्झ यांनी या मुलाची झेप ओळखली आणि त्याला विद्यापीठातील गणितज्ञांकडून वेगळे धडे मिळतील अशी व्यवस्था केली. विशीत पोहोचण्याआधीच त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता.

‘यात पैसा आहे का?’ हा प्रश्न त्यांच्याही घरी होता?

होता. मुलाला गणितच शिकायचे होते, पण गणितात कमाई नाही, अशी वडिलांना काळजी होती. आजही अनेक घरांत शाखा निवडताना हेच घडते. अखेर तडजोड झाली. मुलाने रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घ्यायची आणि त्याबरोबर गणितही करायचे. त्यानुसार नॉयमन आधी बर्लिनमध्ये आणि नंतर झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. त्याच काळात गणिताच्या डॉक्टरेटसाठी बुडापेस्टच्या विद्यापीठातही त्यांचे नाव होते. १९२६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदविका आणि गणिताची डॉक्टरेट दोन्ही त्यांच्या हाती आल्या. वय होते २२.

यानंतर गॉटिंगेनमध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांच्यासारख्या दिग्गजाच्या सहवासात त्यांनी काम केले. १९२८ मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांच्या खेळातील डावपेचांचा गणिती सिद्धान्त मांडला आणि १९३२ मध्ये पुंज यामिकीच्या गणिती पायावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेला ‘गेम थिअरी’वरचा ग्रंथ १९४४ मध्ये आला. अर्थशास्त्रात तो आजही पायाभूत मानला जातो.

अमेरिकेत ते कसे आले?

१९३० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना बोलावले. १९३३ मध्ये प्रिन्स्टनमध्येच नव्याने सुरू झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी’च्या पहिल्या प्राध्यापकांत त्यांची निवड झाली. अल्बर्ट आइन्स्टाइन हे तेथील त्यांचे सहकारी. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर परतीचा मार्ग बंद झाला. १९३७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

गणितज्ञ म्हणजे एकलकोंडा, अबोल माणूस, ही समजूत नॉयमन यांना लागू पडत नव्हती. घरी सतत मेजवान्या, अंगात कायम सूट, गाडी चालवण्याची हौस आणि त्या हौसेपायी होणारे वारंवार अपघात. गोंगाटात त्यांचे काम अधिक चांगले होत असे. एकाच वेळी अनेक विषय डोक्यात चालवण्याबद्दल ते ओळखले जात. मल्टिटास्किंग हा शब्द रूढ होण्याआधीची ही गोष्ट.

अणुबॉम्बशी त्यांचा संबंध काय?

हा त्यांच्या आयुष्याचा अस्वस्थ करणारा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात स्फोटांच्या लहरींचे गणित हा त्यांचा विषय बनला. १९४३ पासून ते लॉस अलामोस येथील अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार झाले. प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबला जावा, यासाठी स्फोटकांची मांडणी कशी असावी, या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. नागासाकीवर टाकलेला बॉम्ब याच पद्धतीचा होता. बॉम्बसाठी जपानमधील शहरे सुचवणाऱ्या समितीतही ते होते. युद्धानंतर हायड्रोजन बॉम्बच्या बाजूनेही ते ठामपणे उभे राहिले. आपल्या हातातल्या यंत्रांचा पाया हा असा युद्धाच्या गरजेतून घातला गेला, हे विसरता येत नाही.

संगणकाकडे ते कसे वळले?

१९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अॅबर्डीन रेल्वे स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी भेट झाली. गोल्डस्टाइन स्वतःही गणितज्ञ होते. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये एक इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र तयार होत असल्याचे त्यांनी सांगितले. ते यंत्र म्हणजे ‘एनिअॅक’. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे शिल्पकार. स्फोटांची गणिते हाताने सोडवताना महिनोन्महिने जात असल्याचे नॉयमन यांनी पाहिले होते. त्यामुळे काही आठवड्यांतच ते फिलाडेल्फियात पोहोचले.

एनिअॅकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या, वजन सुमारे ३० टन. गणिताचा वेग त्या काळाच्या मानाने थक्क करणारा होता. पण एक मोठी अडचण होती. नवे गणित द्यायचे, तर तारा काढून पुन्हा जोडाव्या लागत आणि शेकडो बटणे नव्याने लावावी लागत. उत्तर काही मिनिटांत मिळे, तयारीला मात्र दिवस जात. शिवाय या अवाढव्य यंत्राची चालू कामासाठीची मेमरी अवघी २० संख्यांची होती. म्हणजे गणित करणारा भाग वेगवान, पण त्याला काम पुरवणारी व्यवस्था अपुरी. बजेट लॅपटॉपचे दुखणे नेमके हेच असते.

१९४५ च्या अहवालात काय होते?

एनिअॅकनंतरच्या ‘एडव्हॅक’ या यंत्रासाठी मूर स्कूलमध्ये चर्चा सुरू झाल्या. त्यात एकर्ट, मॉकली, गोल्डस्टाइन, आर्थर बर्क्स आणि नॉयमन सहभागी होते. या चर्चांच्या आधारे नॉयमन यांनी हाताने एक मसुदा लिहिला. गोल्डस्टाइन यांनी तो टंकलिखित करून घेतला आणि जून १९४५ च्या अखेरीस वाटला. १०१ पानांचा हा मसुदा अपुरा होता, संदर्भाच्या अनेक जागा कोऱ्याच होत्या. तरीही संगणकाचे मुख्य भाग कोणते आणि ते एकमेकांशी कसे जोडायचे, हे त्यात प्रथमच स्वच्छ, तर्कशुद्ध रीतीने मांडलेले होते. कोणती नळी कुठे बसवायची, या तपशिलात न अडकता त्यांनी रचनेवर भर दिला. आज्ञा मेमरीतच ठेवायच्या, ही कल्पना या मसुद्यामुळे जगभर पोहोचली. तारा बदलण्याऐवजी मेमरीतील मजकूर बदलला की यंत्र नवे काम करू लागणार होते. सॉफ्टवेअर म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याची सुरुवात इथे आहे.

मग श्रेयावरून वाद का झाला?

कारण मसुद्यावर एकच नाव होते, नॉयमन यांचे. एकर्ट आणि मॉकली यांचा त्यात उल्लेखही नव्हता. आज्ञा मेमरीत साठवण्याचा विचार नॉयमन येण्याआधीच आपल्या गटात सुरू होता, असे या दोघांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. एक सर्वसाधारण यंत्र आज्ञांच्या आधारे कोणतेही गणन करू शकते, हे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सैद्धान्तिक पातळीवर दाखवले होते. ट्युरिंग त्यानंतर प्रिन्स्टनमध्ये शिकायला होते आणि त्यांचे काम नॉयमन यांना ठाऊक होते.

नुकसान केवळ नावाचे नव्हते. १९४६ मध्ये पेटंटच्या हक्कांवरून मतभेद होऊन एकर्ट आणि मॉकली मूर स्कूलमधून बाहेर पडले. अहवाल खुलेपणाने वाटला गेला होता, म्हणजे कल्पना प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे त्यावर पेटंट मिळणे अवघड, असे मत १९४७ मध्ये लष्कराच्या वकिलांनी दिले. दोघांनी काढलेली कंपनी पैशाअभावी १९५० मध्ये रेमिंग्टन रँडला विकावी लागली. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिअॅकचे पेटंटही रद्द ठरवले. त्यामागच्या कारणांमध्ये या अहवालाचा समावेश होता. या निकालाची दुसरी बाजू अशी, की संगणकाची मूळ रचना कुणा एका कंपनीच्या मालकीची राहिली नाही. ती कुणालाही वापरता आली. संगणक पुढे स्वस्त होत गेले, यामागे हेही एक कारण आहे. ज्यांना याची किंमत मोजावी लागली, त्यांची नावे मात्र रचनेला लागली नाहीत.

प्रिन्स्टनचे यंत्र कसे होते?

नॉयमन यांनी १९४६ पासून प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. ज्युलियन बिगेलो हे मुख्य अभियंता होते. फळा आणि खडूवर चालणाऱ्या संस्थेत सोल्डरिंगचा धूर कशाला, असे वाटणारेही तिथे होते. हे यंत्र १९५१ मध्ये चालू झाले आणि जून १९५२ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. सेकंदाला सुमारे १६ हजार बेरजा हा त्याचा वेग. मेमरी होती प्रत्येकी ४० बिटांच्या १०२४ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत अवघी पाच केबी. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावला नसता. आजच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपमधील मेमरी त्याच्या सुमारे १६ लाख ७७ हजार पट आहे.

मेमरीचाच प्रश्न सर्वात बिकट ठरला. आरसीए कंपनीकडून येणाऱ्या खास मेमरी नळ्या वेळेत तयार झाल्या नाहीत. अखेर दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या ४० नळ्यांवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून माहिती ठेवावी लागली. १९४६ च्या एका अहवालात बर्क्स, गोल्डस्टाइन आणि नॉयमन यांनी यावर उपाय मांडला होता. हवी तेवढी मोठी आणि हवी तेवढी वेगवान मेमरी एकाच वेळी मिळणे शक्य नाही. म्हणून मेमरीचे टप्पे करायचे. जवळची मेमरी लहान पण वेगवान, लांबची मोठी पण हळू. आजच्या लॅपटॉपमधील कॅश, रॅम आणि एसएसडी ही उतरंड याच विचाराची आहे.

या यंत्रावरची पहिली मोठी गणिते हायड्रोजन बॉम्बची होती. पण नॉयमन यांना हवामानाचा अंदाजही संगणकाने वर्तवायचा होता. १९५० मध्ये त्यांच्या गटाने एनिअॅकवर तसा प्रयोग केला. पुढच्या २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले. तरी गणिताने हवामान वर्तवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मुंबईशी या रचनेचे नाते कोणते?

प्रिन्स्टनच्या यंत्राचे आराखडे नॉयमन यांनी खुले ठेवले. त्यावरून अमेरिकेत इलिअॅक, मॅनिअॅक आणि त्यांच्याच नावाचे जॉनिअॅक ही यंत्रे झाली. सिडनी, स्टॉकहोम आणि इस्रायलमध्येही त्याची भावंडे उभी राहिली. मुंबईही या यादीत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने याच घराण्यातील ‘टिफरॅक’ हा संगणक बांधला. २७०० निर्वात नळ्या असलेला हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिले. आराखडा पेटंटच्या कुलपात असता, तर नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातील तरुण अभियंत्यांना हे काम कितपत जमले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

क्लारा यांचे योगदान दुर्लक्षित राहिले का?

बरीच वर्षे राहिले. १९३८ मध्ये नॉयमन यांनी क्लारा डान यांच्याशी विवाह केला. हा त्यांचा दुसरा विवाह. पहिल्या पत्नी मारिएट यांच्यापासून त्यांना मरीना ही मुलगी होती. क्लारा यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले नव्हते. तरीही १९४८ मध्ये अणुभंजनातील न्यूट्रॉनच्या प्रवासाचे गणित त्यांनी एनिअॅकसाठी आज्ञांच्या रूपात लिहून काढले, यंत्रापाशी उभे राहून ते चालवले, चुका शोधल्या. आज आपण ज्याला कोडिंग आणि डीबगिंग म्हणतो, ते करणाऱ्या जगातील पहिल्या काही व्यक्तींत त्यांची गणना होते. प्रोग्रामिंग आपल्याला जमेल का, अशी शंका असलेल्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण.

त्यांची अखेर कशी झाली?

१९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नॉयमन यांना अणुऊर्जा आयोगावर नेमले. त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले. काही महिन्यांत ते चाकाच्या खुर्चीला खिळले. १९५६ मध्ये अध्यक्षांकडून मानाचे पदक त्यांनी खुर्चीत बसूनच स्वीकारले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात अखेरचे महिने गेले. वेदनेच्या भरात लष्करी गुपिते बाहेर पडू नयेत, म्हणून त्यांच्या भोवती विश्वासातील लष्करी माणसे ठेवली होती. ज्या बुद्धीवर आयुष्य उभे होते, ती हातातून निसटते आहे हे त्यांना कळत होते आणि मृत्यूइतकीच त्याचीही भीती वाटत होती. अगदी साध्या बेरजा विचारायला ते मुलीला सांगत. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी त्यांची व्याख्याने अपुरी राहिली. ती १९५८ मध्ये क्लारा यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली.

‘नॉयमन यांची चिंचोळी वाट’ म्हणजे काय?

आज्ञा आणि माहिती एकाच मेमरीत असल्याने सारी वाहतूक एकाच रस्त्यावरून होते. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी या रस्त्यावर त्याला थांबावे लागते. जॉन बॅकस या संगणकतज्ज्ञाने १९७७ मधील आपल्या व्याख्यानात या कोंडीला नॉयमन यांचेच नाव दिले.

स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे प्रोसेसरचा कोअर. हाताशी असलेला मिसळणाचा डबा म्हणजे कॅश. ओटा म्हणजे रॅम. कोठीची खोली म्हणजे एसएसडी. ओटा लहान असेल तर दर दोन मिनिटांनी कोठीच्या खोलीत जावे लागते. मग हात कितीही चपळ असोत, जेवणाला उशीर होणारच. लॅपटॉप ‘हँग’ होतो तेव्हा पुष्कळदा प्रोसेसर दमलेला नसतो, तर रॅम भरल्यामुळे तो एसएसडीकडे खेपा घालत असतो.

बजेट ठरलेले असताना प्राधान्य कशाला?

पहिले प्राधान्य रॅमला. प्रोग्रामिंगसाठी आज आठ जीबी ही किमान गरज आहे. अँड्रॉइड अॅप बनवायचे आणि सोबत इम्युलेटर चालवायचा, तर १६ जीबी हवीच. वरच्या श्रेणीचा प्रोसेसर आठ जीबीसह आणि एक पायरी खालचा १६ जीबीसह, असा पर्याय असेल तर मल्टिटास्किंगसाठी बहुतेकांना दुसरा अधिक उपयोगी पडतो. आत्ता पैसे कमी असतील, तर रॅम वाढवण्याची रिकामी जागा असलेले मॉडेल घ्यावे. रॅम बोर्डावर कायमची बसवलेली असेल, तर पुढे ती वाढवता येत नाही.

दुसरे, कोअरची संख्या. एक कोअर मूलतः एका वेळी एकाच कामाच्या आज्ञा हाताळतो. काही प्रोसेसरमध्ये एक कोअर दोन कामे आलटून-पालटून सांभाळतो, त्याला थ्रेड म्हणतात. दोन कोअरचे सेलेरॉनसारखे प्रोसेसर प्रोग्रामिंगसाठी टाळावेत. एन१०० मध्ये चार छोटे, वीज वाचवणारे कोअर आहेत. पायथन शिकणे, वेब पाने बनवणे यासाठी तो चालेल, पण मोठे प्रोजेक्ट तयार होताना वाट पाहावी लागेल. सहा कोअर आणि आठ ते बारा थ्रेड, ही विद्यार्थ्यांसाठी समाधानकारक पातळी मानता येईल.

नावातील आकडे फसवतात का?

अनेकदा. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात. पहिल्यात चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत आणि रचना जुन्या ‘झेन २’ पिढीची आहे. दुसऱ्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि ‘झेन ३’ रचना आहे. या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच बसवलेली असते. म्हणजे तिथे आठ जीबी घेतली तर आठ जीबीच राहणार.

इंटेलच्या बाबतीतही केवळ आय-थ्री, आय-फाइव्ह पाहून भागत नाही. आय-थ्री १२१५यूमध्ये दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर आणि आठ थ्रेड आहेत. जुन्या पिढीतील अनेक आय-फाइव्ह लॅपटॉप प्रोसेसरमध्ये चारच कोअर होते. इंटेलच्या नव्या नावांतून ‘आय’ अक्षरही गेले आहे. त्यामुळे पूर्ण मॉडेल क्रमांक पाहूनच कोअर, थ्रेड आणि पिढी तपासावी. शेवटचे अक्षर ‘यू’ असेल तर वीज कमी लागते आणि बॅटरी तुलनेने जास्त टिकते. ‘एच’ असेल तर वेग जास्त, पण उष्णता आणि पंख्याचा आवाजही जास्त. छापलेला कमाल गिगाहर्ट्झचा आकडा थोड्या वेळापुरता असतो. पातळ, स्वस्त लॅपटॉप तापला की तो वेग खाली येतो.

दुकानात काय तपासावे?

डेमो लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअर, रॅम आणि बहुतेक वेळा रॅमच्या किती जागा भरल्या आहेत, हेही दिसते. ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडून रॅम किती भरते, तेही पाहावे. साठवण एसएसडी आहे ना, याची खात्री करावी. जुनी हार्ड डिस्क असेल तर चांगला प्रोसेसरही वाया जातो. दोन स्लॉट असल्यास एका १६ जीबीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता रुंद होतो. मात्र पुढे रॅम वाढवायची असेल तर एक जागा रिकामी ठेवणे सोयीचे.

प्रिन्स्टनच्या त्या खोलीत पाच केबी मेमरीवर हवामानापासून हायड्रोजन बॉम्बपर्यंतची गणिते झाली, कारण उपलब्ध साधनांत कोंडी नेमकी कुठे आहे, हे तिथल्या माणसांनी ओळखले होते. ठरलेल्या पैशांत लॅपटॉप घेणाऱ्यानेही प्रोसेसरच्या नावाआधी रॅम, कोअर आणि पिढी या तीन गोष्टी विचारल्या, तर चार वर्षांच्या शिक्षणात तो लॅपटॉप साथ देण्याची शक्यता कितीतरी वाढते.